मापांच्या फाइलचा पत्ता

९ जानेवारी

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी "ताई, तो प्रोग्रॅम" एवढं म्हणेपर्यंत तू "बंद करून चालू कर" म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. शिवाय फोन काउंटरवर असतो आणि काउंटरसमोर मामा बसतात. तुझ्या बाबांसमोर तुझ्याच प्रोग्रॅमवर बोट कसं ठेवू? म्हणून लिहितो आहे. उत्तर "बघते" एवढ्या एका शब्दाचं पाठवू नकोस, ही कळकळीची विनंती.

बसचालकाच्या मुलीचे बूट परत आले. डावा पाय आत वळलेली ती, सात वर्षांची. चालायला लागल्यापासून मामाच तिला पाय सरळ धरणारे पट्टीचे बूट करून देतात. या वेळचे बूट तिला इतके घट्ट झाले की टाचेला फोड आला. बाप बिचारा भांडला नाही. बूट काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "मालक, हिनं रडून घर डोक्यावर घेतलंय. एकदा बघा." भांडला असता तर बरं झालं असतं. मामांना भांडण पेलतं, असं बोलणं पेलत नाही.

मामा बूट घेऊन मागे कारखान्यात गेले. पायांचे प्लास्टरचे साचे करणाऱ्या काकांनी संगणकावर मुलीची नोंद काढून दाखवली. "हे बघा. सतरा सेंटिमीटर लिहिलंय तुम्ही. मी सतराचाच साचा केला. मी काय मनानं पाय वाढवू?"

मामांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "मी साडेअठरा मोजल्याचं मला आठवतंय रे." आणि लगेच, "आठवतंय म्हणजे काय! या वयात काहीही आठवेल."

हे पहिल्यांदा झालेलं नाही. नोव्हेंबरपासून असे कितीतरी बूट परत आले. लहान मुलांचे सगळे घट्टच. मामा आता म्हणायला लागलेत की हात गेला. आयुष्यभर लोकांचे पाय मोजणारा माणूस आहे, ताई. त्यांनी हे चहा पिता पिता म्हटलं.

माझा संशय तुझ्या प्रोग्रॅमांवर आहे. रागावू नकोस. तुझे तीन प्रोग्रॅम आहेत: काउंटरवर नोंदणीचा, मापाच्या खोलीत मामा माप भरतात तो, आणि कारखान्यात काका माप बघतात तो. तिघांची फाइल एकच आहे, असं तू सांगितलं होतंस. ती एकच आहे ना? एवढंच सांग.

तुझा भाऊ


१३ जानेवारी

शंकासुरा,

तुझं पत्र मीटिंगमध्ये चोरून वाचलं आणि शेजारच्यांना वाटलं मला कुणाच्या निधनाची बातमी आली. किती गंभीर लिहितोस रे!

फाइल एकच आहे. तिन्ही प्रोग्रॅम एकाच विहिरीचं पाणी पितात. ते मी कॉलेजात असताना केले आणि आजतागायत चालतायत. इथे मी ज्या प्रोग्रॅमांचा पगार घेते ते आठवडाभरसुद्धा धड चालत नाहीत, तेव्हा माझ्या त्या लेकरांना नावं ठेवू नकोस.

खरं सांगू? बाबा थकलेत. हे तुला दिसत नाही, कारण तू रोज बघतोस. मागच्या खेपेला आले तेव्हा मला त्यांच्या खोकल्यानं झोप लागली नव्हती. आई गेल्यापासून ते त्या प्लास्टरच्या धुळीतच राहतात म्हटलं तरी चालेल. आता त्यांना स्वतःलाच जाणवतंय की हात पूर्वीसारखा नाही, तर तू संगणकावर खापर फोडून त्यांना खोटी आशा का लावतोस? इथे त्यांच्यासाठी मी खोली रंगवून घेतली आहे. खिडकीतून झाडं दिसतात. बसतील, वाचतील, माझ्यावर ओरडतील.

प्रोग्रॅम बंद करून चालू कर.

ताई


१४ जानेवारी

ताई,

बंद करून चालू केला. तुझं उत्तर यायच्या आधीही केला होता.

विहीर एकच आहे, हे तू बघून सांगितलंस की आठवून? मी बघून विचारतो आहे.

आता नीट वाच. परत येणारे बूट सगळे जुन्या लोकांचे आहेत. या दोन महिन्यांत पहिल्यांदाच आलेल्या एकाही माणसाचा बूट परत आलेला नाही. मोजणारे मामा तेच, हात तेच, डोळे तेच. हात फक्त जुन्या गिऱ्हाइकांसाठी थकतो आणि नव्यांसाठी तरणा होतो, असं काही असतं का?

नव्या लोकांचं काय होतं तेही सांगतो. काका नाव टाकून बघतात, प्रोग्रॅम म्हणतो "नोंद सापडली नाही". मग काका भिंतीतल्या खिडकीतून ओरडतात, "मालक, नवीन माणूस!" आणि मामा इकडून माप ओरडून सांगतात. काकांचं ठाम मत आहे की संगणकात नोंद मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा. मी म्हटलं, "काका, नोव्हेंबरातली नोंद अजून मुरली नाही?" तर म्हणाले, "थंडी आहे ना." या माणसापुढे मी काय बोलू?

मग मी तुझ्या तिन्ही प्रोग्रॅमांच्या सेटिंगच्या फाइली उघडल्या. घाबरू नकोस, नुसत्या वाचल्या. प्रत्येकीत एक ओळ आहे, जिच्यात मापांची फाइल कुठे ठेवली आहे ते लिहिलेलं असतं. तीन प्रोग्रॅम, तीन ओळी, आणि तिन्ही तीन तऱ्हांच्या. काउंटरवर पूर्ण पत्ता: सी ड्राइव्ह, मग तुझं नाव, मग कॉलेज, मग सबमिशन, मग माप.डीबी. सगळ्या गावाचे पाय "सबमिशन"मध्ये राहतात हे मला आजच कळलं. मापाच्या खोलीतली ओळ दोन तिरक्या रेघांनी सुरू होते, पुढे काउंटरच्या संगणकाचं नाव, आणि मग तोच रस्ता. आणि कारखान्यातल्या ओळीत नुसतं माप.डीबी. ना ड्राइव्ह, ना फोल्डर. पाकिटावर नुसतं "बाबा" लिहून पेटीत टाकावं, तसं. पोस्टमन कुणाच्या बाबांकडे नेणार?

मी दहावीच्या पुढे गेलो नाही, मला यातलं कळत नाही, हे मान्य. म्हणून तर विचारतो आहे. कृपया उत्तर लवकर दे.

तुझा भाऊ


२० जानेवारी

त्या ओळींना हात लावू नकोस. नुसतं नाव लिहिलं की प्रोग्रॅम स्वतःच्या शेजारी फाइल शोधतो. ती चूक नाही, पद्धत आहे. बाकी मी आले की बघेन.

हे बाबांना सांगितलंस का? सांगू नकोस. उगाच गोंधळतील. ते कारखान्याची जागा कुणाला देण्याबद्दल काही बोलले का? परवा फोनवर म्हणाले, "बघू या आता." त्यांच्या तोंडून मी हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. माझी सुचना ऐक आणि शांत बस.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

"सुचना" नव्हे, "सूचना". घाई असली तरी सू दीर्घ काढायला वेळ लागत नाही.

मी शांत बसलो होतो. आता काय काय झालं ते ऐक.

मामांनी बसचालकाच्या मुलीला परत बोलावलं. सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी स्टूल ओढून, दाराला आतून कडी लावून तिचा पाय मोजला. माप स्वतः भरलं. काकांनी पुन्हा बूट केले. पुन्हा घट्ट! अगदी पहिल्यासारखे. मामा कारखान्यात गेले, स्क्रीनवर बघितलं, पुन्हा सतरा. काकांनी आपली खुर्ची मामांना दिली, आणि काका खुर्ची सोडतात तेव्हा समजावं की फार वाईट झालंय.

मामा म्हणाले, "दोनदा तीच चूक. म्हणजे हातही गेला आणि डोकंही."

तेव्हापासून त्यांनी मापं घेणं थांबवलं आहे. येणाऱ्यांना हात जोडून सांगतात, दुसरीकडे बघा. लोक मला बाजूला घेऊन विचारतात, "मालक आजारी आहेत का?" कारखान्याची जागा गादीवाल्याला गोदामासाठी द्यायची बोलणी झाली आहेत. मामा दिवसभर काउंटरवर बसतात आणि मांडीवर तळवे उताणे टाकून बघत राहतात. माझी आई म्हणाली, "माझा भाऊ ज्योतिष्याकडे आल्यासारखा काय बसलाय?" आणि म्हणून झाल्यावर तिलाच वाईट वाटलं.

मला राहवलं नाही. तू नको म्हणालीस तरी मी काउंटरवरच्या ओळीला हात लावला. वाटलं, तिन्ही पत्ते सारखे नीटनेटके करू. "सबमिशन" फोल्डरचं नाव बदलून "मापं" केलं आणि ओळीतही तसंच लिहिलं. म्हणजे मला वाटलं तसंच लिहिलं. मधली एक तिरकी रेघ राहून गेली असणार.

प्रोग्रॅम उघडला. हसतमुखानं उघडला. आणि आत एकही माणूस नाही! सगळी नावं, सगळे पाय, साफ. मी तो तीनदा बंद करून चालू केला. मागून मामा आले, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "चला. म्हणजे मी कधी कुणाचं माप घेतलंच नव्हतं तर." ते हसले. ते हसू मला विसरता येणार नाही.

अर्धी सकाळ गेल्यावर मला कळलं. तुझ्या प्रोग्रॅमला सांगितलेल्या पत्त्यावर फाइल सापडली नाही, तर तो ओरडत नाही, विचारत नाही. गुपचूप तिथे नवी रिकामी फाइल करतो आणि कामाला लागतो! ताई, ही काय रीत झाली? आपण पाहुण्याला घराचा चुकीचा पत्ता दिला, तर तो फोन करेल, चार लोकांना विचारेल, आपल्याला शिव्या देईल. रस्त्यातच चार भिंती उभारून "या, बसा" म्हणेल का?

फोल्डरचं नाव आणि ओळ दोन्ही पूर्ववत केलं. माणसं परत आली.

पण त्यावरून मला एक आठवलं. कारखान्यातला प्रोग्रॅम आधी काउंटरच्या फोल्डरातूनच चालायचा आणि फार रेंगाळायचा. नोव्हेंबरात नवा संगणक आला तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "फोल्डर उचल आणि कारखान्याच्या मशीनवर ठेव, पळेल." मी अख्खं फोल्डर तिकडे उतरवलं. प्रोग्रॅम खरंच पळायला लागला. तेव्हा प्रोग्रॅमसोबत मापांची फाइलही तिकडे गेली का? आणि तो तेव्हापासून तीच बघतो का?

सेटिंगची ओळ वाचली तेव्हा शेजारी काय आहे ते बघायचं सुचलं नव्हतं, आणि आता काका खुर्चीवरून हलत नाहीत, त्यामुळे अजून बघता आलं नाही. तू तिथूनच सांगू शकशील. सांग.

तुझा भाऊ


४ फेब्रुवारी

हात लावू नकोस म्हटलं होतं ना? अक्कल गहाण ठेवलीस का? तरी नशीब, सगळं पुसलं गेलं नाही.

आता मी सांगते ते कर: काहीही करू नकोस. गादीवाला सही कधी करणार? महिनाअखेरीला? तोवर तोंडाला कुलूप लाव. जागा एकदा गेली की तुला त्या प्रोग्रॅमांचं काय करायचं ते कर. तुझ्या नोकरीचं मी बघेन, इथे ओळखीच्या एका गोदामात हिशेबाला माणूस हवा आहे. तू नीटनेटका आहेस, घेतील.

बाबांना सांगितलं नाहीस ना अजून?

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

काका जेवायला गेले तेव्हा मी बघितलं.

कारखान्याच्या संगणकावर, प्रोग्रॅमच्या शेजारी, माप.डीबी आहे. शेवटचा बदल नोव्हेंबरातला. मी फोल्डर उतरवलं त्याच्या आदल्या दिवशीचा. तेव्हापासून मामांनी घेतलेलं एकही माप तिच्यात नाही. मुलीचं सतरा हे गेल्या उन्हाळ्याचं माप आहे. काका गेल्या उन्हाळ्यातल्या पायाला बूट करत होते.

मग काउंटरवर येऊन खरी फाइल बघितली. मुलीच्या नावापुढे डिसेंबरात साडेअठरा. जानेवारीत पुन्हा साडेअठरा. मामांनी दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतं. दोन्ही वेळा त्यांना बरोबर आठवत होतं.

फोल्डर मी उतरवलं. ती चूक माझी, तुझ्यावर ढकलत नाही. मला बाकी एकच गोष्ट खाते आहे. मी तुला विचारलं, "फाइल तिकडे गेली का?" तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस, "बघून सांग" म्हणाली नाहीस. तू विचारलंस, गादीवाला सही कधी करणार. दोन पत्रांत दोनदा विचारलंस की मामांना सांगितलं का. मुलीच्या टाचेबद्दल एकदाही विचारलं नाहीस.

मी काही फार हुशार नाही, पण वाचता येतं मला.

तुला कधी कळलं?


७ फेब्रुवारी

बाळ,

तुझ्या त्या पाकिटावरच्या "बाबा"वरून कळलं. वाचता वाचताच. नोव्हेंबरात मी तुला फोनवर काय सांगितलं होतं ते आठवलं आणि कपाळावर हात मारला. ही चूक माझी आहे, तुझी नाही. पत्ता अर्धवट मी लिहिला, फोल्डर उचलायला मी सांगितलं. तू फक्त सांगितलं ते केलंस, नेहमीसारखं.

लगेच तुला फोन करणार होते. फोन हातात घेतला होता. तेवढ्यात बाबांचाच फोन आला. म्हणाले, "तुझी खोली अजून रिकामी आहे का ग?"

तुला कळतंय का, हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते? गेल्या हिवाळ्यात ते साच्याच्या खोलीत चक्कर येऊन पडले. तू उचललंस. मला कधी सांगितलंत? महिन्यानं! डॉक्टर म्हणाले धूळ बंद करा, तर त्यांनी डॉक्टर बंद केला. मी विनवलं, रडले, भांडले, सहा महिने बोलले नाही. काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. आणि इथे माझ्या एका गचाळ ओळीनं ते आपोआप होत होतं. वाटलं, होऊ दे. चार आठवडे वाईट वाटेल त्यांना, पण पुढची दहा वर्षं श्वास तरी घेतील.

मुलीचा विचार मी केला नाही असं नाही. केला आणि बाजूला सारला. तू म्हणशील ते मी ऐकून घेईन.

कारखान्यातली ओळ मापाच्या खोलीतल्या ओळीसारखी कर. अक्षरन् अक्षर तीच, दोन्ही तिरक्या रेघांसकट. त्याआधी प्रोग्रॅम बंद कर आणि तिकडच्या फाइलचं नाव बदलून ठेव, पुसू नकोस. मुलीचे बूट नव्यानं करून घे. पण हे काकांमध्ये आणि तुझ्यातच राहू दे. बाबांना सांगू नकोस. महिनाअखेरपर्यंत. तुझ्या पाया पडते.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

ओळ बदलली. तू लिहिलंस तसंच सगळं केलं. मग काउंटरवर एका खोट्या माणसाची नोंद केली आणि पळत कारखान्यात जाऊन बघितली. होती. ती पुसली आणि पुन्हा पळत गेलो. नव्हती. काका म्हणाले, "तू काय उंदीर पकडतोयस का?"

आणि मामांना सांगितलं.

तू पाया पडलीस म्हणून मी एक दिवस थांबलो. खरंच थांबलो. त्या दिवशी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली, मामांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं, आणि तो मुलगा लंगडत पायऱ्या उतरला. मामा त्याच्या पायाकडे बघत होते. मनातल्या मनात मोजत होते, मला कळत होतं. ओठ हलत होते. मला तुझं म्हणणं पटत होतं ग. खोकला मीही ऐकतो. पण तुला फोनवर खोकला ऐकू येतो, ओठ दिसत नाहीत.

मी त्यांना काकांच्या संगणकापुढे बसवलं. जुनी फाइल दाखवली, सतरा. नवी दाखवली, साडेअठरा. तारखा दाखवल्या. त्यांनी विचारलं, "दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

काका म्हणाले, "म्हणजे मालक, नोंद मुरत नव्हती ते..."

"तुम्ही गप्प बसा हो जरा," मामा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी असे खेकसले. काकांना इतकं बरं वाटलं की ते सगळ्यांसाठी चहा सांगायला गेले.

मग मामांनी मला विचारलं, "तिला ठाऊक होतं?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. मामांनी मान हलवली आणि ते उठले.

तुझ्याशी फोनवर बोलणार नाही म्हणतात. पत्र सांगणार आहेत. मी लिहून घेईन.

भाऊ


१२ फेब्रुवारी

(मामा सांगतात तसं उतरवून घेतो आहे. भर माझी नाही, शुद्धलेखन माझं आहे.)

काय म्हणून सुरुवात करू हिला? "ताई" काय लिहितोस, ताई तुझी. माझी मुलगी आहे. "पोरी" लिही.

पोरी,

तुझा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. हे आधी लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. खोकला आहे. चक्कर आली होती. तुला सांगितलं नाही, ते चुकलं. धुळीबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे, आणि ते मी आता ऐकणार आहे. साच्याच्या खोलीत मी यापुढे पाय ठेवणार नाही. तिथलं काकांनी बघायचं. मधल्या भिंतीला दार बसवायला सुतार येऊन गेला. डॉक्टरकडेही परवा जाऊन आलो. त्याला फार आश्चर्य वाटलं.

हे सगळं तू मागितलं असतंस तर मी दिलं नसतं, असं तू म्हणशील. बरोबर आहे. दिलं नसतं. हट्टी आहे मी. पण बापाचा हट्ट मोडायला भांडायचं असतं. तू भांडत होतीस तेव्हा मला तुझा राग यायचा, भीती कधी वाटली नाही. हे दोन महिने मला भीती वाटली. दाढी करताना वस्तरा धरायला घाबरत होतो. किल्ली कुठे ठेवली ते आठवलं तरी वाटायचं, खरंच तिथे ठेवली का? तुझ्या आईचा चेहरा आठवला तरी वाटायचं, असाच होता का? हे तुला माहीत नव्हतं. पण आता माहीत करून घे.

म्हातारा म्हण मला. म्हातारा आहेच. मला माझ्याच नजरेत खोटा पाडू नकोस.

(इथे मामा थांबले. पाणी प्यायले. मी "पुढे लिहू?" विचारलं तर म्हणाले, "मी मेलो नाही अजून, थांब.")

गादीवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो जरा कुरकुरला. तुझ्या खोलीत मी येईन, एप्रिलात, आठ दिवसांसाठी. झाडं बघेन. रंग कोणता दिला आहेस? पिवळा असेल तर आधी सांग.

त्याआधी तू इथे ये. मला भेटायला नको येऊस. बसचालकाला भेटायला ये. त्याच्या मुलीला दोनदा बूट चावले, आणि दुसऱ्यांदा का चावले ते त्याला तू तोंडानं सांग. मी त्याला एवढंच म्हटलंय की चूक सापडली आहे आणि ज्याची आहे तो माणूस येऊन बोलेल. तो म्हणाला, "असू द्या मालक, होतं असं." असू द्यायचं नाही. तू ये. आणि आलीस की त्या प्रोग्रॅमला एवढं शिकव की घर सापडलं नाही तर दारात उभं राहून बोंब मारायची. गुपचूप नवं बांधायचं नाही. हा तुझा भाऊ त्या गोष्टीवरून रोज माझं डोकं खातो.

आणि पोरी, मी थकलो की मीच

(मामा उठून गेले. बसचालक मुलीला घेऊन आला आहे, तिची हाक ऐकू आली. वाक्य पुरं करून जा म्हटलं तर ऐकलं नाही. सहीही राहिली. आत मापाच्या खोलीत आहेत. आता तिथून ओरडतायत, "एकोणीस! पाय वाढलाय हिचा! पत्र ठेव आणि टाइप कर!" मी जातो.)